उलटं उमटलेलं जातं

मिहिर, गेल्या महिन्यात व्हिडिओवर बोलता बोलता तू मला मध्येच थांबवलंस आणि विचारलंस, "आजी, तुझ्यामागे भिंतीवर जे चित्र आहे ना, त्यातल्या सगळ्या बायका डावखुऱ्या कशा?" त्यावर सानिका म्हणाली, "दादासारख्याच." मी तेव्हा "लिहून कळवते" एवढंच म्हणाले. गोष्ट पहिल्या टोकापासून सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही, आणि फोनवर तुमच्या शाळेची वेळ होत आली होती. आता लिहिते आहे. तुमचे बाबा वाचून दाखवतील, अडेल तिथे अर्थ सांगतील. एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवते. डाव्या हातात काहीही वाईट नसतं. मी आयुष्यभर शाळेत शिकवलं, माझ्या वर्गातली दोन सर्वात सुंदर अक्षरं डाव्या हातांची होती. पण मी मुरब्याला वाढले तेव्हा लग्नघरात डाव्या हाताला जागा नव्हती, आणि हे मला पक्कं माहीत असूनही मी गप्प बसले. हे प्रकरण त्या गप्प बसण्याचं आहे.

मुरब्याचं आमचं घर खाडीपासून हाकेच्या अंतरावर होतं. घरची होडी आजोबांबरोबरच संपली होती. बाबा शाळामास्तर झाले, त्यांनी मला इंग्रजी शिकवलं, आणि कोळणीच्या पोरीला इंग्रजी कशाला असं विचारणाऱ्यांना ते हसून "तिलाच विचारा" म्हणत. होडी गेली तरी मासळी गेली नव्हती. सकाळी शेजारून ओले बोंबील यायचे, आई त्यातले थोडे कालवणाला ठेवून बाकीचे अंगणात बांबू रोवून बांधलेल्या दोऱ्यांवर जोडीजोडीने तोंडात तोंड अडकवून टांगायची. दुपारी वारा फिरला की सगळं घर त्या वासाने भरायचं. तुमच्या आईला तो वास सहन होत नाही, मला मात्र आजही बाजारात सुक्या मासळीच्या ओळीसमोरून जाताना भूक लागते. दुपारचं जेवण तांदळाची भाकरी, जवळ्याची चटणी आणि कधी चिंच घातलेलं करंदीचं, म्हणजे बारक्या कोळंबीचं, कालवण. जेवणं झाली की गाव जरा शांत व्हायचं. खाडीकाठी होड्या बांधणाऱ्या सुतारांची ठोकठोक तेवढी चालू राहायची, एक जण ठोकायचा आणि दुसरा जणू त्याला उत्तर द्यायचा. आई त्या तालावर सुपारी कातरायची. ती कधी गात नसे, पण तिच्या अडकित्त्याला ताल होता.

या घरात धाकटी काकी आली. वसुधाकाकी. गिरगावात वाढलेली, मुंबईला चित्रकलेचं शिक्षण घेतलेली. काका तारापूरला, वीजकेंद्राचं बांधकाम चालू होतं तिथे, नकाशे काढायच्या कामावर होते. ते आठवडाभर तिकडे राहायचे, शनिवारी संध्याकाळी एसटीने यायचे. लग्न त्या दोघांनी आपसात ठरवलं होतं. घरात त्यावर कुणी आवाज चढवला नाही, पण पहिले काही महिने काकीला कुणी काही कामही सांगितलं नाही, आणि आमच्याकडे काम न सांगणं ही रागावण्याचीच एक तऱ्हा होती. तिच्या सामानात एक पत्र्याची ट्रंक होती. तीत साड्या थोड्या, आणि खाली लोकरी कापडात गुंडाळलेल्या दहा-बारा कोरण्या, एक रबरी रूळ आणि छापखान्याच्या काळ्या शाईचे डबे. आईने ते पाहिलं आणि ट्रंक पडवीत नेऊन ठेवली. "स्वयंपाकघरात शाई नको," एवढंच ती म्हणाली. पडवी अशी काकीची झाली.

काकी लाकडावर चित्र कोरायची आणि त्याचा कागदावर ठसा घ्यायची. फळ्या मिळायच्या त्या होड्यांच्या सुतारांकडून, सागाचे उरलेले तुकडे. तिने पहिल्यांदा कोरली ती आमची आई, बोंबील साफ करताना. खरं तर आईने काकीला बोंबील साफ करायला बसवलं होतं. अर्ध्या तासाने येऊन पाहते तर पाटी तशीच, आणि काकी वहीत बोंबलाचं चित्र काढते आहे. आई म्हणाली, "वसुधा, तो मेलाय, तो काही हलणार नाही. पण मागे मांजर बसलंय ते हलेल." काकी इतकी हसली की तिला वही खाली ठेवावी लागली. आईही हसली. घरातलं अवघडलेपण त्या दिवशी सुटलं असं मला वाटतं, कारण दुसऱ्या दिवसापासून आई तिला कामं सांगू लागली.

मग एकामागून एक चित्रं झाली. पाट्यावर वाटण वाटणारी आई, खिडकीतल्या रेडिओसमोर निवडायचे तांदूळ मांडीवर घेऊन बसलेल्या दोघी शेजारणी, पायाने पाळणा हलवत जाळं विणणारी एक म्हातारी. काकीचं म्हणणं असं, की आमच्याकडच्या बायका रिकाम्या हातांनी कधी गात नाहीत. हात चालू असले की गळा आपोआप चालू होतो. तिला ते दोन्ही मिळून कोरायचं होतं. ती कामं काळ्या आणि कोऱ्या रेषांत फार चांगली उतरवायची. गाणं उतरत नव्हतं.

हे तिला तोंडावर सांगितलं ते मथुरामावशीने. मथुरामावशी आमच्या आळीतली. सकाळी पालघरच्या बाजारात मासळीची पाटी घेऊन बसायची, आणि गावात कुणाकडेही लग्न असलं की हळदीच्या जात्यावर पहिलं गाणं ती उचलायची. ती अर्धी ओळ ओढायची, बाकीच्या उरलेली अर्धी झेलायच्या. तिने सुरुवात केल्याशिवाय जातं फिरत नसे. पाळण्याचं चित्र तिने हातात घेऊन लांब धरलं, जवळ धरलं, आणि म्हणाली, "वसुधा, तोंड उघडं काढलंस म्हंजे गानं झालं काय? जांभई बी तशीच दिसते."

दुसरी कुणी असती तर रुसली असती. काकी म्हणाली, "मावशी, मग कसं काढू?"

"मला काय इचारतेस? मला काय चितारता येतं? येऊन बस आमच्यात, बघ."

हे आमंत्रण साधं नव्हतं. हळदीच्या जात्याभोवती पाच सवाष्णी बसतात, खुंट्यावर एकावर एक पाच उजवे हात ठेवतात आणि हळकुंडं दळतात. त्या खोलीत कोणी बसायचं आणि कोणी नाही, हे न बोलता ठरलेलं असायचं. काकी बाहेरची, आणि लग्नाला दोन वर्षं होऊन गेली तरी पाळणा हलला नव्हता, हे बायका तिच्या माघारी बोलत. मथुरामावशीने तिला आपल्या पुतणीच्या हळदीला नेलं आणि भिंतीशी बसवलं. जात्याला हात लावायला नाही, फक्त बघायला. मी काकीच्या शेजारी पेन्सिली धरून बसले होते. काकीने तोंडं काढलीच नाहीत. तिने मानेच्या शिरा काढल्या, श्वास घेताना वर गेलेले खांदे काढले, पाच हातांचा तो एक झुबका काढला. घरी आल्यावर चित्रातल्या जात्याभोवती गोल गोल रेघा ओढल्या, पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशा. त्या रेघा जात्यापासून निघून बायकांच्या गळ्यांपर्यंत जात होत्या. दुसऱ्या दिवशी मथुरामावशी पाटी उतरवायला पडवीत थांबली आणि बराच वेळ ते बघत राहिली.

"ह्या रेघा कसल्या? धूर हाय काय?"

"गाणं आहे, मावशी."

मथुरामावशीने पाटी पुन्हा डोक्यावर घेतली. जाताना आईला म्हणाली, "तुझ्या जावेला आता ऐकू यायला लागलंय."

महिन्याभरात रंजनचं लग्न ठरलं. रंजन आमच्या शेजारची, माझ्याच वयाची, माझी सर्वात जवळची मैत्रीण. तिला तारापूरला दिली होती. काकीने ठरवलं की जात्याचं ते चित्र लाकडावर कोरायचं, पहिला ठसा चौकटीत बसवून हळदीच्या दिवशी रंजनला द्यायचा, आणि मग त्याच फळीवरून दहा ठसे काढून मुंबईला एका प्रदर्शनासाठी पाठवायचे. तिच्या जुन्या वर्गमैत्रिणी तिथे चित्रं पाठवत होत्या. मुरब्याला आल्यापासून तिने कुठे काही पाठवलं नव्हतं. काका तिला एका शनिवारी म्हणालेले मी ऐकलं होतं, "हे त्यांना दिसलंच पाहिजे." त्या रात्रीच्या जेवणात तिने दोनदा भात घेतला.

आता तुम्हाला छापायची एक गोष्ट समजावून सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. फळीवर जे असतं ते कागदावर आरशातल्यासारखं उलटं उमटतं. म्हणून फळीवर मुळातच उलटं चित्र उतरवायचं, म्हणजे कागदावर सुलटं येतं. काका तारापूरहून वापरून टाकलेले पारदर्शक कागद आणायचे. काकी त्यावर चित्र काढायची, तो कागद पालथा करून फळीवर ठेवायची, मध्ये कार्बन पेपर घालायची आणि रेघांवरून टोकदार पेन्सिल फिरवायची. हे काम ती कधीकधी मला द्यायची, कारण माझा हात स्थिर होता आणि मी टापटिपीची. टापटीप हा माझा लहानपणापासूनचा गुण. लोक त्याचं कौतुक करायचे आणि मला ते आवडायचं.

त्या आठवड्यात काकीला ताप होता. तिने अंथरुणावरून उठून कागद पालथा करून फळीवर ठेवला, चार कोपऱ्यांना टाचण्या लावल्या आणि मला म्हणाली, "एवढं उतरव, मी जरा पडते." मी बसले. कागदाकडे पाहिलं तर सगळ्या बायकांचे डावे हात खुंट्यावर, पदर उजव्या खांद्यावर, नथी उजव्या नाकपुडीत. मला उलट-सुलटचा नियम माहीत होता, मी यापूर्वी तीनदा ते काम केलं होतं. पण त्या क्षणी मला एवढंच दिसलं की तापाच्या भरात काकीचा कागद चुकून पालथा पडला आहे. मी टाचण्या काढल्या, कागद सरळ केला, कडा फळीच्या कडांशी अगदी नीट जुळवल्या, पुन्हा टाचण्या लावल्या आणि दोन तास बसून एकही रेघ न चुकवता चित्र उतरवलं. काकीने पाहून "सुरेख" म्हटलं. तिलाही काही खटकलं नाही, कारण फळीवर सगळं डोळ्यांना रोज दिसतं तसंच होतं. अंगात कणकण असतानाच तिने बारा दिवस कोरलं.

हळदीच्या आदल्या दिवशी सकाळी ठसा घेतला. रुळाने शाई लावली, कागद पसरला, आणि मागून पितळेच्या पळीच्या पाठीने घासला. काकीने कागद एका कोपऱ्यापासून सावकाश उचलला. मला फळीकडे पाहायला आवडायचं, म्हणून मी आधी फळीकडे पाहिलं आणि मग कागदाकडे. कागदावर पाचही हात डावे होते.

काकी हसली. "अगं, उलटं आलं. सुलू, कागद मी ठेवला होता तसाच होता ना?"

"हो," मी म्हणाले.

"मग तापात माझंच चुकलं." तिने ठसा उजेडात धरला. "पण बघ, चित्र म्हणून काही बिघडलं नाहीये. उलट हा सगळ्यात चांगला उतरलाय."

चित्र म्हणून खरंच काही बिघडलं नव्हतं. गिरगावातल्या मुलीला तो फक्त आरसा दिसत होता. मला काय दिसत होतं ते मी सांगायला हवं होतं. आमच्याकडे लग्नातलं सगळं उजव्या हाताचं आणि उजवीकडे फिरणारं. त्याच्या उलट केलं जातं ते घरात कुणी गेलं म्हणजे. हे मी जन्मापासून पाहिलं होतं. पण ते सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता की कागद फिरला कसा. मी शाई लागलेल्या चिंध्या गोळा करू लागले. त्या वेळी मी सोळा वर्षांची होते, लहान नव्हते.

दुसऱ्या दिवशी रंजनच्या अंगणात मांडव होता. आतल्या खोलीत जातं मांडलं होतं, खुंट्याला आंब्याची पानं बांधली होती, रंजन पाटावर बसली होती आणि बायका तिच्या भोवती. काकीने चौकट रंजनच्या आईच्या हातात दिली. रंजनच्या आईला आपल्या लेकीच्या लग्नात कुणी असलं काही देईल असं वाटलं नव्हतं, तिने पदराने काच पुसली आणि सगळ्यांना दिसेल अशी धरली. आधी चेष्टाच झाली. एक जण म्हणाली, "अगो, हिनं आमाला गुजरातणी केलं. पदर बघा कुटं टाकलाय." दुसरी म्हणाली, "तुला गुजरातीन केली तरी तुझा नवरा वलखेल, आवाजावरनं." सगळ्या हसल्या, काकीही. मग मथुरामावशी वाकली. तिने चित्रातल्या खुंट्यावर बोट ठेवलं आणि एक एक हात मोजला.

"हे डावे हात हायेत," ती म्हणाली.

रंजनच्या आईने चौकट स्वतःकडे वळवून पाहिलं.

"पाची डावे. हलद डाव्या हातानं कोन दलते? हे लगनाचं जातं नाय. हे सुतकाचं."

रंजनच्या आईचा चेहरा मी विसरले नाही. तिने चौकट पालथी करून भिंतीशी ठेवली, हळूच, काच फुटू नये म्हणून. काकी सांगू लागली की छापताना उलटं होतं, त्याला काही अर्थ नाही. पण तिची शहरी भाषा त्या खोलीत कुणाला ऐकू आली नाही. मागून कुणीतरी पुटपुटलं, "जिच्या घरात पालना नाय हालला तिला जात्याकडं आनलीच कशाला?" ते काकीने ऐकलं. ती उठली आणि घरी गेली. मथुरामावशी जात्यापाशी बसली होती, पण तिने गाणं उचललं नाही. रंजनच्या आईने दोनदा "मावशी, सुरू करा" म्हटलं. मावशी म्हणाली, "गला धरत नाय." ती काकीवर चिडली होती असं मला तेव्हा वाटलं. आज वाटतं, आपण आणलेल्या बाईची अशी शोभा झाली आणि आपण त्याला कारण झालो, म्हणून तिचा गळा धरत नव्हता. रंजन माझ्याकडे पाहत होती. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, भीती होती, आणि ती भीती मी तिला दिली होती.

मी धावत घरी आले. काकी पडवीत रूळ पुसत बसली होती, कालच पुसून ठेवलेला रूळ. मी म्हणाले, "काकी, कागद मी फिरवला."

ती पुसत राहिली. "का?"

"मला वाटलं चुकून पालथा पडलाय. मी नीट केला."

"आणि काल विचारलं तेव्हा?"

काकीने रूळ खाली ठेवला. "मला सांगून काय उपयोग, सुलू? मला डावा हात चालतो," ती म्हणाली. "जिथे चालत नाही तिथे जाऊन सांग."

मी फळी उचलली. ती भारी होती, शाईने काळी, माझ्या परकराला आणि हातांना सगळं लागलं. ती छातीशी धरून मी रंजनच्या घरी गेले आणि दारातच उभी राहून सगळं सांगितलं. कागद मी फिरवला, काकीने नाही. तिने विचारलं तेव्हा मी खोटं बोलले. हे डावे हात असे दिसणार हे मला कालच कळलं होतं. एका दमात सांगितलं, आणि शेवटी रडू आलं, ते शेवटाला आलं एवढंच बरं. रंजनच्या आईने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मास्तरांची पोर तू." त्याहून जास्त तिला काही बोलावं लागलं नाही.

मथुरामावशीने फळी मागितली. ती मांडीवर आडवी घेऊन तिने डोळ्यांनी पाहिलंच, पण बोटांनीही पाहिलं, मासळी घेताना बघतात तसं. उंचवट्यांवरून आणि खाचांतून तिची बोटं फिरत गेली. "पदर डाव्या खांद्यावर," ती म्हणाली. "नथ डावीकडं. हात..." तिने पाचही हात चाचपले. "उजवे." मग रंजनच्या आईकडे वळली. "वसुधाच्या हातानं बरोबरच कोरलंय गो. कागदानं खोटं केलं."

"मंग आमाला हे द्या," रंजनची आई म्हणाली. "कागद नको."

खोलीत सगळ्यांना ते एकदम पटलं. फळी म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मला माहीत होतं. ती गेली की दुसरा ठसा निघणार नव्हता, दहा ठसे नाहीत, मुंबई नाही. मी सांगायला तोंड उघडलं तेव्हा काकी दारात उभी होती. ती माझ्या मागून आली होती, केव्हा ते मला कळलं नाही. तिने फळीकडे पाहिलं. बारा दिवसांची कणकण तीत होती. मथुरामावशीने तिच्याकडे मान वर करून विचारलं, "वसुधा, देशील?"

रंजनच्या कपाळावर घाम आला होता. काकीचं लक्ष तिकडे गेलं. "घ्या," ती म्हणाली. "फक्त उन्हात ठेवू नका, तडकेल."

मथुरामावशीने फळीवरच्या पाचही हातांना हळदीची बोटं लावली. काळ्यावर पिवळं. मग ती जात्याकडे वळली आणि गाणं उचललं, आणि पाच जणींनी खुंटा धरला. काकी दारातूनच ऐकत राहिली. आत ये असं त्या दिवशी तिला कुणी म्हटलं नाही, आणि ती आली नाही. चौकट मी घरी आणली. तुम्हाला माझ्यामागे दिसली ती तीच.

पुढे चार दिवस काकी माझ्याशी कामापुरतंच बोलली. आईने परकर भिजत घातला आणि शाई निघत नाही म्हणाली. काकीने मुंबईला काही पाठवलं नाही. चित्रं पाठवायचं तिने पुन्हा त्याच हौसेने कधी ठरवलं नाही, असं मला वाटतं, आणि त्यात माझा वाटा किती हे मी अजून ठरवू शकलेले नाही. ती मात्र त्यावरून कधी एक शब्द बोलली नाही. मी नंतर शिक्षिका झाले तेव्हा एक सवय लावून घेतली. एखाद्या मुलाच्या वहीत काही उलटं दिसलं, की लाल पेन उघडण्याआधी विचारायचं, "हे तू मुद्दाम केलंस का?" किती तरी वेळा उत्तर "हो" असं यायचं.

इथे सरावलीला आमच्या मजल्यावर कारखान्यात कामाला असलेल्या एकाची बायको राहते, तिकडची, उत्तरेची. संध्याकाळी पोळ्या लाटताना ती गाते आणि लाटण्याला तिच्या बांगड्या लागतात. मला तिचं गाणं समजत नाही. पण काकी असती तर तिच्या मनगटाकडे पाहत बसली असती, हे मला कळतं, आणि मी खिडकी लावून घेत नाही.

आता एवढंच राहिलं. पावसाळा संपला आणि आळीत पुढचं लग्न निघालं, मथुरामावशीच्या शेजारच्या घरात. हळदीच्या सकाळी आई भाकऱ्या थापत होती, काकी पडवीत होती. तिला बोलावणं येईल असं आमच्या घरात कुणीही धरलं नव्हतं. मथुरामावशी स्वतः दारात आली. मासळीची पाटी नव्हती, लुगडं नवं होतं. म्हणाली, "वसुधा, चल. खोलंबलंय सगलं तुज्यासाठी."

काकीने वही घेतली. पेन्सिलीला टोक आहे का ते पाहिलं. मी तिच्या मागे निघाले, जुन्या सवयीने. त्या घरात शिरलो आणि काकी भिंतीशी, पूर्वीच्या जागी, बसायला वाकली. मथुरामावशीने तिचा दंड धरला.

"तितं नाय. हितं."

जात्याभोवती चारच जणी बसल्या होत्या.

काकी म्हणाली, "मावशी, मला गाणं येत नाही."

"कोन गा म्हनतंय? दल."

त्या चौघींतली एक सरकली. हीच बाई त्या दिवशी मागून पाळण्याचं पुटपुटली होती, मला आवाजावरून माहीत होतं. तिने काकीसाठी जागा केली आणि स्वतःच्या पदराने खालची जमिनीवरची धूळ झटकली. मथुरामावशीने काकीच्या हातातली वही काढून माझ्याकडे दिली, काकीचा उजवा हात घेतला आणि खुंट्यावर चार हातांच्या वर ठेवला. मग तिने अर्धी ओळ ओढली. काकी पहिल्या फेऱ्याला मागे राहिली, दुसऱ्याला पुढे गेली, तिसऱ्याला कुणीतरी "सावकाश गो" म्हटलं, आणि मग पाच खांदे एकदम वर जाऊ लागले.

वही माझ्या मांडीवर होती, पेन्सिल माझ्या हातात. मला थोडंफार काढता यायचं. मी काढलं नाही. त्या लग्नाचं चित्र आमच्याकडे नाही.